कंडोम फाटल्यानंतरची पहिली रात्र: पेप, प्रेप आणि 'थांबून तपासणी'

संभोगाच्या वेळी कंडोम फाटला किंवा वापरलाच गेला नाही, आणि जोडीदाराला एचआयव्ही आहे की नाही हे ठाऊक नाही, अशा वेळी माणसासमोर साधारण तीन वाटा असतात. पेप, म्हणजे संपर्कानंतरचे प्रतिबंधक औषध, लगेच सुरू करणे. काही दिवस थांबून रक्त तपासणे. किंवा प्रेप, म्हणजे संपर्काच्या आधीपासून घ्यायचे औषध, आता सुरू करणे.

थांबून तपासणी करण्याची वाट सर्वांत समंजस वाटते आणि तीच सर्वांत घातक आहे. दुसऱ्या दिवशीचा निगेटिव्ह अहवाल फक्त इतकेच सांगतो की या घटनेच्या काही आठवडे आधीपर्यंत तुम्हांला संसर्ग नव्हता. प्रयोगशाळेतील चौथ्या पिढीच्या, म्हणजे विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडे दोन्ही शोधणाऱ्या, चाचणीतही नवा संसर्ग दिसायला साधारण 18 ते 45 दिवस लागतात, तर पेप सुरू करण्याची मुदत 72 तासांची आहे. विषाणू एकदा पेशींच्या जनुकीय साहित्यात मिसळला की आजची औषधे त्याला तेथून काढू शकत नाहीत. म्हणूनच पहिला डोस शक्यतो 2 तासांच्या आत घ्यावा, असे सांगितले जाते. जोडीदार तपासणीला तयार असेल तर उत्तमच, पण त्याच्या अहवालासाठी पहिली गोळी अडवून ठेवू नये. औषधाची गरज नाही असे डॉक्टरांना नंतर दिसले तर ते थांबवता येते.

येथे एक गोंधळ आवर्जून दूर करायला हवा. '72 तास' हे शब्द अनेकांनी इमर्जन्सी गर्भनिरोधक गोळीच्या संदर्भात ऐकलेले असतात, आणि ती गोळी घेतली म्हणजे सगळे निभावले असे त्यांना वाटते. त्या गोळीचा एचआयव्हीवर काहीही परिणाम होत नाही.

पेप आणि प्रेप यांत फरक वेळेचा आहे तसाच औषधांचाही आहे. भारतात पेपसाठी टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅविर ही तीन औषधे एकाच गोळीत, रोज एक, अशी 28 दिवस दिली जातात. प्रेपमध्ये बहुधा टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन ही दोनच औषधे असतात, त्यामुळे घटना घडून गेल्यावर मित्राच्या डब्यातील प्रेपची गोळी घेणे हा पेपला पर्याय नव्हे. उलट असे प्रसंग वारंवार येत असतील, तर दर वेळी पेपसाठी धावण्यापेक्षा प्रेप निश्चितच बरे.

जोखीम सर्वांची सारखी नसते. जोडीदार बाधित असून उपचार घेत नसेल, तर ग्रहण करणाऱ्या, म्हणजे जिच्या शरीरात लिंगप्रवेश होतो त्या, व्यक्तीसाठी गुदमार्गाच्या 10,000 संपर्कांत सुमारे 138, तर योनीमार्गाच्या तितक्याच संपर्कांत सुमारे 8 वेळा संसर्ग होतो, असा अंदाज आहे. मात्र जोडीदार नियमित एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे, घेत असेल आणि त्याच्या रक्तातील विषाणू चाचणीत सापडण्याइतकेही उरलेले नसतील, तर पेपची गरज नसते.

रात्री किंवा रविवारी एआरटी केंद्र बंद असते, तेव्हा सोमवारची वाट न पाहता जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या अपघात विभागात जावे. 1097 या मोफत क्रमांकावरही माहिती मिळते. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीवर सरकारी व खाजगी, दोन्ही रुग्णालयांनी मोफत उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे. संमतीच्या संबंधानंतर पेप हवे असलेल्यांना मात्र अनेकदा चिठ्ठी घेऊन खाजगी दुकान गाठावे लागते, आणि ही अडचण दूर व्हायलाच हवी. डॉक्टरांपुढे संकोचाने काही लपवू नये, कारण एचआयव्हीविषयीच्या 2017 च्या कायद्याने गोपनीयतेचे संरक्षण दिलेले आहे.

मूत्रपिंडाचा त्रास, हिपॅटायटिस बी, क्षयाची किंवा मधुमेहाची औषधे यांची माहिती आधीच द्यावी. लोह, कॅल्शियम किंवा अ‍ॅसिडिटीचे औषध चालू असेल, तर ते आणि ही गोळी यांत किती अंतर ठेवायचे ते विचारून घ्यावे. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी किंवा झोपमोड होऊ शकते. तेवढ्यावरून औषध सोडू नये. पुढे सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी तपासणी करावी, आणि शेवटचा अहवाल येईपर्यंत कंडोम वापरावा व रक्तदान टाळावे.

ही गोळी बहुधा 30 च्या बाटलीत येते, त्यामुळे 28 दिवसांनंतर तळाशी दोन गोळ्या उरतात. त्या पुढच्या वेळेसाठी जपून न ठेवता डॉक्टरांकडे परत द्याव्यात, आणि असा प्रसंग पुन्हा येण्यासारखा असेल तर त्याच भेटीत, तपासणी निगेटिव्ह असल्यास, मध्ये खंड न पडता प्रेप सुरू करण्याविषयी बोलावे.