साखळी प्रार्थना: नवापूरकडच्या मंडळ्यांची सेवा आणि तिच्यातल्या कच्च्या कड्या

घरात कोणी गंभीर आजारी असो, नाहीतर पाऊस लांबून दुबार पेरणी ओढवलेली असो, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर-चिंचपाडा पट्ट्यात ख्रिस्ती मंडळीकडे साखळी प्रार्थना मागता येते, म्हणजे लोक तास वाटून घेऊन एकामागून एक, खंड न पडता प्रार्थना करतात. पाळकांना किंवा मंडळीच्या एखाद्या वडिलांना निरोप दिला की पुरे. पैसे लागत नाहीत. अडचणीच्या दिवसांत हिच्याइतका आधार दुसऱ्या कुठल्या उपासनेचा होत नाही, असं आमचं ठाम मत आहे.

दिवसाचे २४ तास, तासाला दोघं, म्हणजे साखळीला ४८ माणसं. तास एकट्यावर सोपवू नये, डोळा लागला की कडी तुटते. जर्मनीत हेर्नहूट गावच्या मोराव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीने १७२७ साली असेच तास वाटून घेतले होते. २४ पुरुष आणि २४ स्त्रियांपासून सुरू झालेली ती साखळी शंभर वर्षांहून जास्त चालली. लहान पाड्यावर एवढी माणसं कुठून आणणार? १२ जोडपी असतील तर रात्री ८ ते सकाळी ८ एवढंच धरावं. भोकं पडलेल्या २४ तासांपेक्षा भरलेले १२ बरे.

तासभर नुसतं बोलत राहणं जमत नाही. आधी स्तोत्र ४६ किंवा १२१ सावकाश वाचावं, मग उपकारस्तुती, मग विनंत्यांची वही, शेवटची पाच मिनिटं गप्प बसावं. मावची ही इथली आदिवासी बोली बोलणाऱ्या आजीला मराठीचा आग्रह करू नये. तिचे शब्द तिथेच अडतात.

खरी मेख त्या वहीत आहे. डाव्या पानावर तारीख आणि विनंती, उजवं पान खबरीसाठी. पहिले तीन दिवस गर्दी असते, दुसऱ्या आठवड्यात रात्री २ ते ४ ओस पडतात. लोक म्हणतात, विश्वास कमी पडला. बहुतेक वेळा उजवं पान कोरं असतं, एवढंच. ताप उतरला का, ऊसतोडीच्या मुकादमाने उचल फिटल्याचं मान्य केलं का, हे कळलं नाही की तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून माणूस थकतो. एका बाईकडे रोज संध्याकाळी त्या घरी फोन करायचं काम द्यावं. दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी जोडपी, बाहेर पडले की गाव अर्धं रिकामं होतं. उसाच्या फडावरच्यांना संध्याकाळचा तास फोनवर द्यावा, पहाटे ३ चा नको.

एक खोट मात्र जागोजागी दिसते. कोणाच्या दारूची, कोणाच्या सोडचिठ्ठीची विनंती नावानिशी मोठ्याने वाचली जाते. 'एका घरासाठी' म्हटलं तरी देवाला कळतं.

सोबत उपास असेल तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाने निर्जळी धरू नये, पाणी कमी पडलं की कळा उठतात. गरोदर बाई आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपासाऐवजी तास घ्यावा. याकोबाच्या पत्रात (५:१४) आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय, औषध टाकायला नाही. गोळ्या बंद करा म्हणणाऱ्याच्या साखळीत बसू नये.

येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात असताना मंडळी प्रार्थनेत होती. तो सुटून दारावर ठोठावू लागला, तर आतल्यांना खरंच वाटेना (प्रेषितांची कृत्ये १२). म्हणून उत्तर आलं की त्याच दिवशी वहीत लिहावं. प्रेषित पौलाच्या देहातला काटा, म्हणजे त्याचं दुखणं, तीनदा मागूनही निघाला नाही, तसं झालं तर तेही लिहावं, आणि त्या घराचं नाव खोडू नये.

निरोप दिवस मावळायच्या आत द्या, रात्रीच्या तासांची नावं संध्याकाळच्या प्रार्थनेलाच ठरतात.