चार जीबीचं कार्ड म्हणून एक जीबीचं गळ्यात मारलं

जुना कॉम्प्युटर अजून कामात असलेल्या प्रत्येकाने हे वाचावं, विशेषतः छापखानेवाल्यांनी. आमचं जे गेलं ते परत मिळणार नाही, तुमचं तरी वाचेल.

कराडला आमचा छोटा छापखाना आहे. तिथे विंडोज ९८ चा एक कॉम्प्युटर अजून रोज चालतो, कारण जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक, म्हणजे जे लावल्याशिवाय ते चालत नाही ती डबी, प्रिंटरच्या जाड पोर्टलाच बसतं आणि पानं लावायच्या पेजमेकर प्रोग्रामच्या वीस-पंचवीस वर्षांच्या फाइली तिथेच नीट उघडतात. नवीन मशीनवर त्याच फाइलीत जोडाक्षरं फुटतात. गेल्या वर्षी त्याची हार्ड डिस्क टक-टक करायला लागली. बाबांना तो आवाज ऐकून रात्री झोप लागेना.

पुण्यातला एक दुरुस्तीवाला म्हणाला, डिस्क काढून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड, म्हणजे जुन्या कॅमेऱ्यात असायचं तसलं मेमरी कार्ड, लावू. उपाय अगदी योग्य होता, हे मी आजही म्हणेन. ही कार्डं १९९४ पासून आहेत आणि आयडीई डिस्क, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरातली रुंद पट्टीच्या वायरने जोडलेली हार्ड डिस्क, ज्या भाषेत बोलते त्याच भाषेत तीही बोलू शकतात. त्यामुळे मधला अ‍ॅडॉप्टर म्हणजे जवळपास नुसत्या तारा, ५० पिनांचं कार्ड ४० पिनांच्या पट्टीला जोडणाऱ्या. आवाज नाही, फिरणारा भाग नाही. खोट त्या माणसात होती.

"इंडस्ट्रियल कार्ड आहे ताई, चार जीबी, दहा वर्षं बघायला नको," असं सांगून त्याने ४,५०० रुपये घेतले. पक्कं बिल दिलं नाही. मी मागितलंही नाही. समोर मशीन सुरू करून दाखवलं, बाबांच्या सगळ्या फाइली जागच्या जागी, डिस्कची साइज ३.७ जीबी. बाबांचा चेहरा असा उजळला की मी पुढे काही विचारलंच नाही. जुनी डिस्क मागितली तर म्हणाला, "ती मेलीय, भंगारात टाकतो." तिथेच मी हट्ट धरायला हवा होता.

तीन महिने सगळं सुरळीत. मग एका शनिवारी बाबांनी एका मंडळाच्या स्मरणिकेची पानं लावली, फोटो स्कॅन केले, सगळं सेव्ह करून मशीन बंद केलं. सोमवारी काळा पडदा, ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही.

माझ्या मावसभावाने आधी कार्डाची जशीच्या तशी नक्कल काढून ठेवली आणि मग लिनक्सवर एफ३ नावाच्या मोफत प्रोग्रामने कार्ड तपासलं. सांगितलेली जागा चार जीबी, खरी जागा एक. कार्डातल्या कंट्रोलरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या चिपला, खोटं बोलायला शिकवलेलं असतं, आणि कार्ड आपली साइज जी सांगेल ती कॉम्प्युटर खरी मानतो. खरी जागा संपली की अशी कार्डं एक तर पुढचं लिखाण टाकून देतात, नाही तर पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला लागतात. आमच्या कार्डाने दुसरं केलं. जुनी डिस्क साडेआठशे एमबी भरलेली होती, म्हणून तीन महिने काही कळलं नाही. शनिवारी रेघ ओलांडली गेली.

कार्डाच्या अगदी सुरुवातीला, जिथे पार्टिशनची, म्हणजे कार्डावरची जागा कशी विभागली आहे त्याची, नोंद असायला हवी, तिथे इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसत होता. आम्ही छापखान्यातली माणसं, मला तो ओळखीचा वाटला. तेवढा भाग उचलून आमचा फॉन्ट लावला आणि पडद्यावर उमटलं : 'अध्यक्षीय मनोगत'. कोणती फाइल कार्डावर कुठे आहे याची यादीही सुरुवातीलाच असते, आणि स्मरणिकेचं पान तिच्यावर छापलं गेलं होतं. विंडोज ९८ या यादीच्या दोन प्रती ठेवतं, त्या दोन्ही त्याखाली गाडल्या गेल्या. लेबल नखाने सोलल्यावर खाली दुसरं लेबल निघालं, १ जीबी.

दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "तुम्ही मशीन नीट बंद केलं नसेल." जुनी डिस्क? कधीच गेली. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

म्हणून कळकळीने सांगते, जुनी डिस्क कितीही मेलेली असली तरी दुकानात सोडू नका. आमची टक-टक करत होती, पण वाचली जात होती. कार्ड लावण्याआधी रिकामं असतानाच ते काठोकाठ भरून पुन्हा वाचून बघा. विंडोजवर त्यासाठी एच२टेस्टडब्ल्यू आहे, लिनक्सवर एफ३. चार जीबीला तासभरही लागत नाही. साइज किती दिसते यावर अजिबात जाऊ नका, ती तर आम्हालाही दिसत होती. आणि बिलावर कार्डाची कंपनी आणि साइज लिहून घ्या. माझ्याकडे कागद नव्हता म्हणून तक्रार करायला तोंडच उरलं नाही.

मावसभावाने नकलेतून जमेल तेवढ्या फाइली बाहेर काढल्या. हजारो आहेत, पण एकीलाही नाव नाही, नुसते क्रमांक, आणि कित्येक उघडतच नाहीत. नवीन कार्ड आम्ही आधी पूर्ण भरून तपासलं आणि मगच लावलं. आता बाबा रोज संध्याकाळी काम आटोपलं की एकेक फाइल उघडतात, कुणाची पत्रिका, कोणत्या साली, ते आठवून तिला नाव देतात. काल सतरा झाल्या.