जुनी सॅन स्टॉर्म घेतली आणि ३ लाख ४० हजारांना बसलो

लिहायची लाज वाटतेय, पण परवा नाशिकच्या इंदिरानगरातल्या एका मित्राला, मला ज्याने फसवलं त्याच एजंटचा फोन आला म्हणून लिहितोय. नाव टाकत नाही, तक्रार चालू आहे.

सॅन स्टॉर्म म्हणजे ती गोव्यात बनलेली दोन सीटची हलकी गाडी, फायबर बॉडी, रेनॉचं ११४९ सीसी इंजिन. कॉलेजात असताना गंगापूर रोडला एक लाल बघितली होती, तेव्हापासून डोक्यात बसलेली. मार्चमध्ये मुंबई नाक्याजवळ निळी दिसली, गोवा पासिंग. एजंट मागत होता ३ लाख ८५ हजार, घासाघीस करून ३ लाख ४० ला जमलं. टोकन २५ हजार यूपीआय, २ लाख ६० हजार आरटीजीएस, ५५ हजार रोख. रोखीची पावती नाही. माहितीये, बोलू नका, घरी रोज ऐकतोय.

मी डोळे झाकून गेलो नव्हतो हो. गाडीची माहिती दाखवणाऱ्या ॲपवर नंबर टाकला, मॉडेल, रंग जुळत होतं, लोनचा बोजा नाही. मेकॅनिक सोबत नेला, तो सवयीने पुट्टीने बुजवलेले पोचे शोधायला चुंबक फिरवायला लागला, फायबरला चुंबक काय चिकटणार, आम्हीच हसलो. एजंट म्हणे साहेब फायबर आहे, गंजाचं टेन्शनच नाही. अरे पण खालची चासी, म्हणजे सांगाडा, लोखंडीच ना! असली गाडी घेताना रॅम्पवर चढवून खालून बघा, वरची पॉलिश गेली खड्ड्यात.

आता मुख्य. चासी नंबरवर काळा रंग मारलेला होता. बोट फिरवलं तर बोट काळं झालं, म्हणजे रंग कालचाच. म्हणे "गोव्याची खारी हवा, गंज धरू नये म्हणून मारलाय." आणि मी ते बोट पँटला पुसलं. बस्स, पुसलं! मी १४ वर्षं अंबडला कारखान्यात क्वालिटी तपासणीत आहे, पंचिंगचा एक आकडा वाकडा गेला तरी अख्खा लॉट परत पाठवतो, आणि इथे ८ हा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल गेलेला बोटाला चक्क लागला होता. पण तेवढ्यात एजंटचा फोन वाजला, "दुसरी पार्टी आत्ता पैसे घेऊन निघालीय", आणि मी टोकन मारलं. दुसरी पार्टी कसली, शेजारच्या टपरीवरचाच कोणीतरी असणार.

गाडी नावावर करायला नेली तर आरटीओत इन्स्पेक्टरने थिनरचा बोळा फिरवला, दोन मिनिटांत खालचे जुने आकडे वर आले. एनओसी, म्हणजे आधीच्या आरटीओचं ना-हरकत पत्र, तेपण बोगस. कागद एका गाडीचे, गाडी दुसरीच, ॲपवर चोख दिसणारच, तिथे चासी नंबर अर्धा झाकलेला असतो. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून त्याची प्रिंट काढा आणि आरसीवर एकेक आकडा लावून बघा. एनओसी ज्या आरटीओची तिथेच विचारा, आणि पैसे द्यायच्या आधी.

पुढची वरात ऐका. पहिलं पोलीस स्टेशन म्हणे हा सिव्हिल मॅटर, कोर्टात जा. दुसरं म्हणे व्यवहार तिकडे झाला, आमची हद्द नाही. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, ते म्हणे हा सायबर नाही. बँक म्हणे आरटीजीएस तुम्हीच केलात ना. परत पहिल्याकडे, साहेब बंदोबस्ताला. जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात हद्द कुठलीही असो तक्रार घ्यावी लागते असं म्हटलं तर हवालदार विचारतो, "वकील आहात का?" बाकावर तीन-तीन तास बसवलं, अर्जाच्या कॉपीवर शिक्का मागितला तर शिक्काच सापडेना. ११व्या दिवशी एफआयआर झाली आणि पहिली कारवाई काय? गाडी जप्त! एजंट बाहेर, गाडी आत.

आणि हो, १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते दाखव म्हणा, टाळाटाळ केली की चहा न पिता उठा. मी दोन चहा प्यायलो होतो.

परवा पाऊस झाला म्हणून जप्त गाडी बघायला गेलो, वरचं कापडी हूड फाटलेलं, ड्रायव्हर सीटवर डबकं. ६५० रुपयांची ताडपत्री घेऊन गेलो होतो, तर म्हणे मुद्देमालाला हात लावायचा नाही.