कॅलिफोर्नियात नोटरी होण्यासाठी केलेला कोर्स
कॅलिफोर्नियात पहिल्यांदा नोटरी होणाऱ्याला सेक्रेटरी ऑफ स्टेटने (नोटरी नेमणारं राज्याचं कार्यालय) मंजूर केलेला 6 तासांचा कोर्स करावाच लागतो. मी ऑनलाइन केला, पैसे वसूल झाले. शिकवणाऱ्या बाईंनी जर्नलवर, म्हणजे नोटरीच्या नोंदवहीवर, मनापासून वेळ दिला. घराच्या डीडवर (मालकीच्या दस्तावर) किंवा पॉवर ऑफ अॅटर्नीवर सही असेल, तर नोंदीशेजारी अंगठ्याचा ठसा का घ्यायचा, हे उदाहरणांसकट समजावलं. 15,000 डॉलरचा बाँड (नोटरीच्या चुकीने नुकसान झालं तर भरपाईची हमी) नोटरीला नव्हे, लोकांना संरक्षण देतो, हे मला तिथेच नीट कळलं. परीक्षा, बोटांचे ठसे वगैरे माहिती ठीकठाक.

एक गोष्ट मात्र अजिबात पटली नाही. कमिशन (नोटरी म्हणून नेमणूक) सुरू झाल्यापासून 30 दिवसांत काउंटी क्लर्ककडे (जिल्ह्याच्या नोंदणी कार्यालयात) शपथ आणि बाँड दाखल केला नाही, तर सगळी मेहनत वाया जाते. ते त्यांनी शेवटच्या स्लाइडवर उरकलं! ही सूचना पहिल्याच तासात यायला हवी.