शिंदळ माकुडीच्या नावाखाली कुंपणाची काडी : माझे 4,620 रुपये गेले

लिहू की नको करत दोन महिने गेले. घरात अजून 770 चाच आकडा माहीत आहे, बाकीचा माझ्या पोटात आहे.

शिंदळ माकुडी, म्हणजे फ्रेरिया इंडिका, सह्याद्रीच्या कड्यांवरची दुर्मीळ वनस्पती, ज्यांना ठाऊक आहे त्यांना तिचं वेड सांगायला नको. रुपयाच्या नाण्याएवढं चांदणीसारखं फूल, गडद तांबडं, त्यावर पिवळे डाग, कडेला बारीक केस. एका झाडांच्या ग्रुपवर एकाने फोटो टाकला : "आज सकाळी उमललेली. घरच्या कुंडीतली. काडी मिळेल." मी लगेच मेसेज केला. माणूस अडाणी नव्हता हो. वनस्पतिशास्त्रज्ञ डालझेलने 1865 मध्ये तिचं वर्णन केलं, मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रेअर याच्यावरून नाव पडलं, शिवनेरीपासून पुरंदर-वज्रगडापर्यंत कुठे कुठे सापडते, सगळं घडाघडा सांगत होता. "कड्यावरून उपटलेली नाही ना?" असं मी आधी विचारलंही. "छे ताई, पाचवी पिढी आहे कुंडीतली." माकुडी काडीपासून सहज लागते, तेव्हा यात खोटं वाटण्यासारखं काही नव्हतं. काडीचे 650, कुरिअरचे 120, लगेच पाठवले.

तो फोटो एप्रिलमधला होता. एप्रिल! माकुडी उन्हाळ्यात पानं टाकून नुसत्या करड्या काड्यांवर झोपते. पानं फुटतात पावसाळ्यात, फुलंही तेव्हाच. आणि याच्या फोटोत भर एप्रिलमध्ये हिरवीगार पानं आणि तीन फुलं, वर "आज सकाळी". वीस वर्षं कुंड्या सांभाळतेय मी. कुठे गेली होती माझी अक्कल?

विक्रेत्याकडे फोटो नाही, व्हिडिओ मागा, शेजारी आजचा पेपर ठेवून. लाजू नका.

पण खरी चूक पुढे आहे आणि ती आठवली की अजून कानशिलं तापतात. पार्सल उघडताना काडीचा शेंडा मोडला आणि बोटांवर पांढराधोट चीक आला. दुधासारखा, चिकट. माकुडी आणि तिच्या जवळच्या भावंडांच्या काड्या मोडल्या तर पाण्यासारखा रस येतो. पांढरा चीक म्हणजे त्रिधारी निवडुंग, कुंपणाचा शेर यांची बाजू. हे मी स्वतः चारजणींना शिकवलंय. बोटं धुताना मनात आलं, हे काहीतरी वेगळंय. त्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, रुईच्याच कुळातली ना ती, चीक येणारच." आणि मला ते पटलं! कारण कुळ खरंच रुईचं आहे. खऱ्या गोष्टीत गुंडाळून खोटं दिलं की शिकलेला माणूसच आधी गिळतो. वर त्याने सांगितलं, "रोज पाणी घाला." माकुडीला रोज पाणी! खडेवाळूच्या मातीतही कुजेल ती.

हे सगळं ऐकूनही मी काय केलं, तर आणखी चार काड्यांचे 2,400 पाठवले. बहिणीला एक, मैत्रिणींना दोन, एक राखीव. आठ दिवसांनी मेसेज : पार्सल अडकलंय, दुर्मीळ झाड आहे, वनखात्याच्या दाखल्याचे 1,450 भरा, नाहीतर तुमचंच नाव लागेल. घाबरले. भरले. कुठलीही फी एखाद्याच्या खासगी नंबरवर मागितली की तिथेच थांबा. दुसऱ्या दिवशी मी ब्लॉक.

पोलीस ठाण्यात गेले. "4,620 ची काडी?" म्हणत समोरचा शेजारच्याकडे बघून हसला. ओटीपी दिला होता का? नाही. लिंक दाबली होती का? नाही. "मग फसवणूक कुठे झाली? तुम्हीच पाठवलेत की." बँकेतही तेच, फक्त एसीत बसून. वनखात्याच्या कार्यालयात तर मलाच विचारलं, दुर्मीळ वनस्पती विकत का घेत होतात? त्यांच्या नावाने पावती फाडून कोणी पैसे उकळतोय याचं त्यांना काही नाही, "पोलिसांत द्या." पोलीस म्हणतात वनखात्याचं प्रकरण. दोन्हीकडे मिळून पाच फेऱ्या, तीन अर्ज, एका अर्जात झाडाचं नाव "माकडी" लिहून वर "प्राणी" असा शेरा. खोटं सांगत नाहीये.

पैसे गेल्याचं कळताच, त्याच तासात, सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. मी लाजेत अकरा दिवस घालवले. चॅट पुसू नका. मी रागाच्या भरात अर्धं पुसलं.

आणि ती पहिली काडी? पावसात तरारली, वाकडीतिकडी वाढली. सोसायटीचे माळीदादा बघून म्हणाले, "ताई, विलायती शेर कुंडीत कशाला लावलाय? मागच्या कुंपणाला आहे की ढीगभर." मी म्हटलं, असंच.