सिलिंगच्या आत नेमकं काय भरलंय? अकोल्यातला आमचा अनुभव

पत्र्याच्या खोलीला ‘हीटप्रूफ सिलिंग’ करून देणारे लोक उन्हाळा तोंडावर आला की विदर्भात गल्लोगल्ली दिसू लागतात. त्यातलाच एक जण आमच्याकडे चांगला हात मारून गेला. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून नाव लिहीत नाही. त्याची पद्धत मात्र सगळ्यांना कळायला हवी.

आमचं घर बैठं. मागच्या अंगणात आई-बाबांसाठी एक खोली वाढवली. भिंती विटांच्या, वर रंगीत पत्रा. ठरलं होतं ते असं: पत्र्याखाली 50 मिमी जाडीचं, 48 डेन्सिटीचं (म्हणजे घनमीटरला 48 किलो) रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंचा उष्णता अडवणारा थर, आणि त्याखाली जिप्सम बोर्डाचं फॉल्स सिलिंग.

सौदा ठरवताना तो एक डबा घेऊन आला होता. आत मोठा हॅलोजन, समोर चंदेरी बबल शीट. दिवा पेटवून त्याने बाबांना शीटमागे हात धरायला लावला. हाताला काही लागेना. “काकाजी, नासावाले हेच वापरतात. रॉकवूलसोबत ही शीट आपल्याकडून फ्री.”

प्रयोग खोटा नव्हता, खरी मेख तिथेच आहे! चंदेरी पृष्ठभाग उष्णतेचे किरण परतवतो, पण त्यासाठी चकचकीत बाजूसमोर हवेची पोकळी लागते. डब्यात दिवा आणि शीट यांच्यात वीतभर मोकळी जागा होती. आमच्याकडे लावलेली शीट एकाच बाजूने चंदेरी निघाली, आणि ती बाजू थेट पत्र्याला चिकटवलेली. खाली उरलं पांढरं प्लास्टिक. तापलेल्या पत्र्याला टेकलेलं चार मिमीचं प्लास्टिक किती उष्णता अडवणार?

नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, त्या खोलीत दुपारी पाय ठेववेना. कूलर लावला तरी वरून धग यायचीच. त्याला फोन केला तर “पत्रा म्हटल्यावर थोडं तापणारच, टेन्शन घेऊ नका.” पुढे एक्झॉस्ट फॅनच्या वायरिंगसाठी वायरमनने एका कोपऱ्यात बोर्ड कापला आणि म्हणाला, “भाऊ, इथे तर काहीच नाही.” मग बॅटरी लावून सगळीकडे पाहिलं. रॉकवूल होतं ते फक्त तपासणीसाठी ठेवलेल्या झडपेच्या आजूबाजूला. म्हणजे माणूस जिथून डोकावणार, तेवढ्याच जागी. बाकी सगळी खोली रिकामी. या हुशारीचं मला आजही नवल वाटतं.

जे होतं तेही भेसळीचंच. हे घरबसल्या तपासता येतं. 50 मिमी जाडीच्या, 48 डेन्सिटीच्या रॉकवूलचा एक फूट बाय एक फूट तुकडा साधारण 220 ग्रॅम भरायला हवा. आमचा तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर शंभरच्या आसपास अडकला. वेष्टनावर 48 छापलेलं असलं तरी काट्यावरचा आकडा पाहा. (हातमोजे घाला, त्याच्या तंतूंनी हाताला खाज सुटते.) काही ठिकाणी रॉकवूलच्या नावाखाली पॅकिंगचं थर्मोकोल दडपतात असंही ऐकलं. ते आणखी वाईट, कारण साधं थर्मोकोल भराभर पेटतं, आणि सिलिंगमध्ये वायरी आणि दिवे असतातच.

फोटो पाठवल्यावर त्याने आमचा नंबर ब्लॉक केला. त्याच्या बिलावर फक्त “सिलिंग काम, ठोक” एवढंच होतं, पण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या कोटेशनमध्ये जाडी, डेन्सिटी, सगळं लिहिलेलं होतं. आमची तक्रार त्याच जोरावर उभी आहे. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, मग नोटीस, मग जिल्हा आयोग. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. उघडलेल्या सिलिंगचे फोटो आणि व्हिडिओ दुरुस्तीआधीच काढून ठेवा, वायरमनसारखा साक्षीदार असेल तर त्याचं म्हणणंही लिहून घ्या.

दुसऱ्यांदा काम देताना रॉकवूलचे आणि बोर्डाचे पैसे वेगळे ठेवले. बोर्ड चढवण्याआधी आमच्यासमोर कुठलाही तुकडा कापून वजन करायचं, पूर्ण भरलेल्या छताचे फोटो काढायचे, त्यानंतर पहिला हप्ता. दोन ठेकेदार “असं कोणी करत नाही” म्हणून निघून गेले. तिसरा म्हणाला, “काटा तुमचा की माझा आणू?”