‘ईसीएम उडालाय साहेब’: 46,800 रुपयांना पडलेलं एक वाक्य

गॅरेजवाल्याला शिव्या घालत लिहायला बसलो होतो. बायको म्हणाली, आधी स्वतःला घाला. तिचंही खरंच आहे.

माझी 2018 ची डिझेल गाडी. जुलैच्या पावसात सिग्नलला बंद पडली आणि डॅशबोर्डवर दिवाळी! चेक इंजिन, एबीएस (ब्रेक जाम होऊ न देणारी यंत्रणा), पॉवर स्टीअरिंग, सगळे दिवे एकदम. दहा मिनिटांनी चावी फिरवली तर सुरू झाली. तशीच 4 किलोमीटर चालवत गॅरेजला नेली. हे 4 किलोमीटर लक्षात ठेवा.

पोराने स्टीअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. एबीएसच्या युनिटमध्ये कोड: यू0100. मालकाने चष्मा कपाळावर सरकवला. ‘‘ईसीएम उडालाय साहेब. पाणी गेलं असणार.’’ ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर.

आता कळतंय की यू0100 म्हणजे फक्त ‘ईसीएमशी संपर्क तुटला’. गाडीत इंजिनचा, एबीएसचा, एअरबॅगचा असे वेगवेगळे कॉम्प्युटर असतात आणि ते ‘कॅन’ नावाच्या जाळ्याच्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात. एक गप्प झाला की बाकीचे बोंब मारतात. पण फोन लागत नाही म्हणजे माणूस गेला असं असतं का? त्याचा सप्लाय, अर्थ (म्हणजे अर्थिंग, बॅटरीच्या निगेटिव्हची जोडणी), वायर, काहीही गेलेलं असू शकतं. कोड दिसला की फोटो काढा, आणि पार्ट बदलण्याआधी विचारा: सप्लाय आणि अर्थ मीटरने तपासला का?

आणि ते 4 किलोमीटर! आजच्या डिझेल इंजिनचे इंजेक्टर, म्हणजे इंधन फवारणारे नोझल, ईसीएमच उघडतो. तो मेला असता तर मी गाडी चालवत आणली कशी? मी स्वतः, या दोन हातांनी! बँकेत 22 वर्षं कर्जाच्या फायली तपासतोय, खोटा सातबारा लांबून ओळखतो. पण तिथे मान डोलावली. काय करणार, आईला सोमवारी डायलिसिसला न्यायचं होतं, शनिवार संध्याकाळ होती.

20,000 यूपीआयने, 26,800 रोख. ‘‘पक्कं बिल केलं तर जीएसटी वर लागेल.’’ जुना ईसीएम मागितला तर म्हणे तो एक्स्चेंजमध्ये जातो. इथे तरी ट्यूब पेटायला हवी होती. जुना पार्ट हातात मिळाल्याशिवाय पैसे सोडू नका.

19 दिवस गाडी मक्खन. विसाव्या दिवशी पाऊस, तोच सिग्नल, तीच दिवाळी.

या वेळी मेहुण्याच्या ओळखीचा वायरमन आला. आधी बॉनेट उघडून टॉर्च मारला. ईसीएमवर धुळीचा जाड थर, ब्रॅकेटच्या बोल्टवर पान्याचा साधा ओरखडा नाही, स्टिकरवर 2018. त्याला हातच लागला नव्हता! मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ईसीएमच्या अर्थला लावून स्टार्टर मारला. जिथे 0.1 व्होल्टच्या आसपास असायला हवा, तिथे 2 च्या वर. बॅटरीखालचा अर्थचा बोल्ट हिरवा पडून कुजला होता. पॉलिश पेपर, नवीन लग (वायरीच्या टोकाची कडी), ग्रीस. 650 रुपये, त्यात चहा त्यानेच पाजला. आधीच्यांनी बहुधा वायरी हलवून कोड पुसले होते. कोड पुसणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

गॅरेजवाला आता ओळखच दाखवत नाही. चौकीत गेलो. हवालदार म्हणाले, हा दिवाणी मामला, ग्राहक आयोगात जा. दुसऱ्यांदा गेलो तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा साहेब भेटले आणि विचारतात काय, ‘‘गाडी चालू आहे ना आता? मग?’’ चोराने पाकीट मारलं आणि तुम्ही घरी चालत पोचलात, तर चोरी झालीच नाही का? अर्ज घ्या म्हटलं तर झेरॉक्स तीन आणा. आणल्या, तर पोचशिक्का मारणारा रजेवर.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत 2 वर्षांची, म्हणून तिथेही कागद करतोय. वकील मित्राने पहिलाच प्रश्न विचारला, बिल कुठेय? माझ्याकडे 20,000 चा स्क्रीनशॉट आहे. उरलेले 26,800 मी कुणाला दिलेच नाहीत, असं सध्या कागदोपत्री दिसतंय.